कॉलनीतला बगीचा रात्री नऊनंतर कोणाचा? (बीट, ११२, आवेदन वगैरे)

ओटलेवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. इंदूरकर इथे बरेच आहेत म्हणून इथेच धागा काढतोय, कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काढला की दोन तासांत गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडला जातो.

आमची कॉलनी पश्चिमेकडची, जुनी, प्लॉटवाली. बहुतेक घरांत मुलं पुण्याला नाहीतर बेंगलोरला, इथे नुसते आई-बाबा. मधोमध निगमचा (महापालिकेचा) बगीचा, झोपाळे, ओपन जिम, कोपऱ्यात मारुतीचं देऊळ. रात्री नऊ वाजले की बाहेर चार-पाच गाड्या लागतात, बॉनेटवर बाटली, आत गाणी फुल आवाजात, आणि अकरानंतर ती बुलेट आणि तिचे फटाके. शेजारच्या काकूंनी एकदा गॅलरीतून हटकलं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या गेटवरची कुंडी फुटलेली. पुरावा काय, काहीच नाही. आणि गंमत सांगू का, पुरावा राहतच नाही, कारण पहाटे सफाईमित्र येतात आणि सातपर्यंत सगळं लख्ख. डिस्पोजल ग्लास, पाण्याचे पाउच, पिळलेली लिंबं, शेवेची पाकिटं, झोपाळ्याच्या पाइपात कोंबलेले क्वार्टर, हे सगळं मी पाहतो कारण मी साडेपाचला फिरायला जातो. आठ वाजता कोणा साहेबाला दाखवायला नेलं तर म्हणेल वा, काय छान बगीचा आहे हो तुमचा. स्वच्छतेत देशात एक नंबर असल्याचा हा तोटा कोणी सांगितला नव्हता.

पोलिसांना ११२ वर फोन केला होता. त्यांची गाडी आली, वेळेत आली, नाही म्हणत नाही. पण आल्यावर आमच्याच गेटसमोर उभं राहून मोठ्यांदा "फोन किसने किया था?" झालं, सगळ्या बगीच्याला कळलं. पोरं गेली, गाडी गेली, अर्ध्या तासात पोरं परत.

तर ज्यांनी आपापल्या कॉलनीत खरंच काही करून पाहिलंय त्यांनी लिहा. सिस्टमच खराब आहे हे मला माहीत आहे, ते नका लिहू.

---

मालवी_मिरची

सिस्टमच खराब आहे. (राहवलं नाही काका.)

आमची मल्टी आहे, म्हणजे फ्लॅटची बिल्डिंग, बगीचा नाही, पार्किंग आहे, आणि तिथे हेच चालतं फक्त गाड्या आमच्याच आणि पोरंही आमचीच. चौकीदार बिचारा त्यांना बर्फ आणून देतो. बघतेय काय उत्तरं येतात.

---

परदेशीपुरेकर

ओटलेवाला भाऊ, हे एवढं वाढलं कधीपासून ते आठवून बघा. मध्यप्रदेशात दारूच्या दुकानाला लागून अहाते असायचे, बसा, प्या, घरी जा. १ एप्रिल २०२३ पासून सरकारने सगळे अहाते बंद केले. दुकान चालू, बसायची जागा बंद. आता ज्याला घरी पिता येत नाही तो बाटली घेऊन जाणार कुठे, गाडीत नाहीतर तुमच्या बगीच्यात. मी दारूची बाजू घेत नाहीये, माझ्या घरात माळकरी आहेत सगळे, पण एक दार बंद केलं तर माणूस दुसरीकडून निघणारच हे सरकारला कळायला पाहिजे होतं.

---

राधिका_आर

परदेशीपुरेकर दादा, अहात्यासमोरून कधी बाई म्हणून चालत गेला असतात तर एवढ्या प्रेमाने आठवण काढली नसती. ते बंद झाले हे चांगलंच झालं. पुढचा विचार केला नाही, ते मात्र खरं.

आणि धाग्यात एक गोष्ट आत्ताच वेगळी करून ठेवा बाबा. दारू पिणं, आवाज करणं, मुलींना बोलणं, धमकी देणं, ह्या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण सगळ्याचं एकच गाठोडं करतो "फार त्रास आहे हो". कोचिंगहून येणाऱ्या मुलीच्या मागे कोणी गाडी लावतो ते आणि नुसतं बसून पिणं एकाच रांगेत लावलं की पोलीसही सगळं दुसऱ्या खात्यात टाकतात, समज देऊन सोडतात.

---

वकीलीण

राधिकाचा मुद्दा बरोबर आहे आणि कायद्यातही तसाच आहे. जरा लांब होईल, चहा घेऊन बसा.

उघड्यावर दारू पिणं म्हणजे आपल्याकडे आबकारी (एक्साइज) कायद्याचं कलम ३६ बी. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर, डीजे बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत आहे, शिवाय आपल्या राज्याचा १९८५ चा कोलाहल नियंत्रण कायदा आहे. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. बुलेटचा बदललेला सायलेन्सर मोटार वाहन कायद्याच्या १९० (२) मध्ये येतो, दंड १०,००० रुपयांपर्यंत, आणि चालवणारा अल्पवयीन असेल तर १९९ ए, त्यात बापाला २५,००० दंड आणि तुरुंगसुद्धा. ही गोष्ट फक्त बापाच्या कानावर घातली तरी पुष्कळदा बुलेट घरात उभी राहते. मुलीचा पाठलाग म्हणजे बीएनएस (भारतीय न्याय संहिता) ७८, अश्लील बोलणं-हावभाव ७९, धमकी ३५१.

आता अडचण कुठे होते बघा. तुम्ही थान्यात जाऊन "त्रास देतात" म्हणालात तर मुन्शीजी (थान्यातले लिहिणारे) अदम चेक फाडून हातात देतात. म्हणजे पोलिसांनी थेट हात घालायचा गुन्हा नाही, तुमची सूचना नोंदवली, पुढे कोर्टात जा. लोकांना वाटतं रिपोर्ट लिहिली गेली, रिपोर्ट वगैरे काही लिहिली गेलेली नसते. पाठलागाचा गुन्हा दखलपात्र आहे, तिथे अदम चेक चालत नाही, एफआयआरच पाहिजे, सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात दखलपात्र गुन्ह्याबद्दल हे स्पष्ट सांगितलंय. म्हणून काय घडलं ते नेमकं सांगा.

आणि रोजरोज तेच तेच करणाऱ्यांसाठी खरं हत्यार म्हणजे बाउंड ओव्हर. पूर्वी सीआरपीसीचं १०७/११६ म्हणायचे, १ जुलै २०२४ पासून बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) १२६/१३५. माणसाकडून एक वर्षापर्यंत शांतता राखायचा बाँड लिहून घेतात, मोडला तर १४१ मध्ये आत. इंदूरला ९ डिसेंबर २०२१ पासून कमिश्नर प्रणाली आहे ना, त्यामुळे ही केस आता कलेक्टरकडच्या एसडीएमकडे न जाता पोलिसांच्याच अधिकाऱ्यासमोर चालते. हे सोयीचं आहे आणि थोडं भीतीदायकही आहे, कारण पकडणारा आणि बाँड लिहून घेणारा एकाच खात्यातला. जिलाबदरचं (तडीपारीचं) तर नावच नका काढू, तो अट्टल लोकांसाठी १९९० च्या राज्य सुरक्षा कायद्यातला उपाय आहे, झोपाळ्यावर क्वार्टर पिणाऱ्यासाठी नाही.

---

राऊ_सर्कल

वाह, कलमांचा पाऊस. मी २४ वर्षांचा आहे, मी तुमच्या "त्या पोरांपैकी" आहे असं समजा. पीत नाही पण बसतो. कुठे बसू ते सांगा. आमच्या लहानपणीच्या मैदानावर आता मॅरेज गार्डन आहे. कॅफेत चार जणांचे आठशे रुपये होतात. २०२२ च्या सप्टेंबरात बीआरटीएसच्या (बस कॉरिडॉरच्या) रस्त्यावर रात्रभर दुकानं उघडी ठेवायची परवानगी दिली, तिथे गर्दी झाली, भांडणं झाली, २०२४ च्या जुलैत ते बंद. बरं सराफ्यात, रात्रीच्या खाऊगल्लीत, जा तर गर्दीत उभं राहून भुट्ट्याचा कीस खा आणि निघा. ओटल्यावर बसलो की काका-काकू खिडकीतून असं बघतात जसं आम्ही घर फोडायला आलोय.

आणि अजून एक. गाडी आली की पहिली थप्पड कोणाला पडते माहिते? मागच्या बस्तीतून आलेल्या पोराला. ज्याच्या क्रेटा गाडीत गाणी लागलीत त्याला "चलो बेटा घर जाओ". हे मी डोळ्याने पाहिलंय. तुमचं ते बाउंड ओव्हर पण त्याच पोराचं होणार.

---

परदेशीपुरेकर

राऊ सर्कल, बसायला कोणी नाही म्हणत नाही भिया, कुंडी कोणी फोडली ते सांग.

---

राऊ_सर्कल

ज्याने फोडली त्याने फोडली, बसणाऱ्या सगळ्यांनी नाही फोडली ना.

---

निवृत्त_खाकी

राऊ सर्कल जे बोलला त्यातलं अर्धं मी नाकारत नाही. मी खात्यात होतो, मध्यप्रदेशातच, जिल्हे सांगत नाही. थोडं आतलं सांगतो म्हणजे तुम्हाला कळेल फोन करून काम का होत नाही.

११२ ची गाडी आणि तुमचा थाना ही दोन वेगळी कामं आहेत. पूर्वी डायल १०० होतं, २०१५ ला सुरू झालं, आता २०२५ च्या ऑगस्टपासून ११२. तुमचा फोन भोपाळच्या कंट्रोल रूमला लागतो, तिथून जवळच्या गाडीला, ज्याला आम्ही एफआरव्ही म्हणतो, तिला इव्हेंट जातो. ती आली, पोरं पळाली, इव्हेंट क्लोज. त्या जवानाच्या दृष्टीने काम झालं, आणि खरंच झालं, पुढच्या गल्लीत नवरा बायकोला मारतोय तिकडे त्याला जायचंय. उद्या तीच गाडी असेल पण माणूस दुसरा. त्याला काय माहीत की तुमच्याकडे हे दिवाळीपासून चालू आहे. मारामारी चालू आहे, कोणी दार तोडतंय, मुलीच्या मागे आत्ता गाडी आहे, त्यासाठी ११२ आहे, बिनधास्त करा. फोन करताना स्पष्ट सांगा की माझं नाव बाहेर येऊ देऊ नका आणि मला भेटायला घरी येऊ नका, जागा हीच आहे. हे बोललं तर ते नोंदवतात.

रोजच्या त्रासाचं औषध बीट आहे. प्रत्येक थान्याचा इलाखा बीटमध्ये वाटलेला असतो, बीटला एक प्रभारी, बहुतेक एएसआय नाहीतर प्रधान आरक्षक (हेड कॉन्स्टेबल), त्याच्या हाताखाली आरक्षक (कॉन्स्टेबल). इलाख्यातला निगराणी बदमाश, म्हणजे पोलिसांच्या नजरेखालचा गुंड, कोण, जेलमधून कोण सुटला, कुठल्या ठेल्यावर कोण बसतो, हे त्याला पाठ पाहिजे. आमच्या वेळेस टीआय साहेब (थाना प्रभारी) संध्याकाळी गणनेत (हजेरीला) उभं करून विचारायचे, तुझ्या बीटमध्ये नवा भाडेकरू कोण आला, आणि उत्तर आलं नाही तर सगळ्यांसमोर उतरवायचे.

आता तो बीटवाला असतो कुठे? रंगपंचमीच्या गेरला (मिरवणुकीला) बंदोबस्त. अनंत चतुर्दशीच्या झाँक्यांना बंदोबस्त. होळकर स्टेडियमवर मॅच, बंदोबस्त. व्हीआयपी, कोर्टाचे समन्स, पेशी, मर्ग (अकस्मात मृत्यूचा तपास), पोस्टमार्टेमच्या मागे एमवाय हॉस्पिटलला दिवसभर. रोजनामच्यात (थान्याच्या डायरीत) बीटमध्ये फिरायला निघाल्याची रवानगी टाकलेली असते, माणूस चौराह्यावर उभा असतो. हे रडगाणं नाही, पण तुम्हाला माहीत असावं.

---

राधिका_आर

खाकी काका हे फार कामाचं लिहिलंत. आमच्या दारी कचरागाडी रोज येते, ड्रायव्हरला माहीत आहे कोणत्या घरी आजी एकटी आहे, एक दिवस डबा बाहेर दिसला नाही तर हाक मारतो. बीटवाल्याचं नाव मात्र आमच्या गल्लीत एकालाही सांगता येणार नाही. शहराने एक काम रोज त्याच माणसाकडून करून दाखवलंच आहे, मग दुसरं का होत नाही हा प्रश्न पडतोच.

---

लेस्टरकर

मूळचा इंदूरचा, नारायण बागेतला, सध्या इंग्लंडात. राधिकाताईंनी जे म्हटलं तेच इथे "नेबरहुड पोलिसिंग" म्हणून चालतं. आमच्या वॉर्डाच्या टीमची नावं फोटोसकट पोलिसांच्या वेबसाइटवर आहेत. त्यात पीसीएसओ म्हणून असतात, २००२ च्या कायद्याने आले, गणवेश आहे पण अटकेचा अधिकार पोलिसासारखा नाही, काम हेच की पायी फिरायचं, दुकानदाराशी बोलायचं, शाळेच्या गेटवर उभं राहायचं. तातडीचं नसेल तर ९९९ ऐवजी १०१ वर फोन.

पोरांच्या टोळक्याला एखाद्या भागातून ४८ तासांपर्यंत बाहेर काढायचा अधिकार पोलिसांना आहे, पार्कात दारू बंद करायची तर नगरपालिका त्या पार्कापुरता आदेश काढते, जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी, मग पुन्हा विचार करायचा. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे केस रिव्ह्यू. तुम्ही एकाच त्रासाची साधारण सहा महिन्यांत तीनदा तक्रार केली आणि काही झालं नाही, तर तुम्ही मागणी करू शकता आणि मग पोलीस, नगरपालिका, घरं देणारी संस्था ह्या सगळ्यांना एकत्र बसून तुमची फाइल बघावी लागते. २०१४ च्या कायद्यात आहे हे.

स्वर्ग वगैरे नाहीये. २०१० नंतर बजेट कापलं तेव्हा सगळ्यात आधी ह्याच टीम्स आटल्या. आणि १९९८ च्या कायद्यात "असबो" नावाचा, त्रासदायक वागण्याविरुद्धचा आदेश होता, तो मिळालेली काही पोरं तो मेडलसारखा मिरवायची, शेवटी २०१४ मध्ये तो काढून दुसरे आणले.

---

मालवी_मिरची

तिकडचं तिकडे हो दादा. इथे तीन तक्रारी केल्या तर चौथ्यांदा आपलीच गाडी पंक्चर.

---

अपडाउनवाला

इंग्लंडला जायची गरज नाही, भिवंडी बघा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी बदनाम झालेलं गाव. १९८८ ला सुरेश खोपडे तिथे डीसीपी होते, त्यांनी मोहल्ला समित्या काढल्या. ह्या समित्या आपल्या शांतता समितीसारख्या पुढाऱ्यांच्या, फोटोपुरत्या नव्हत्या, बीटचा पोलीस आणि त्या मोहल्ल्यातली साधी माणसं, दोन्ही धर्मांची, नियमित भेटायची, आणि विषय नळाचं पाणी, भांडणं, भाडेकरू असे रोजचेच असायचे. मुंबई ९२-९३ ला जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. वडील तिथे यंत्रमागाच्या धंद्यात होते म्हणून घरात हे खूप ऐकलंय. दंगल थांबते तिथे तुमची बुलेट काय चीज आहे.

---

परदेशीपुरेकर

समित्या आपल्याकडेही आहेत, नगर रक्षा समिती, १९९९ चा कायदा आहे तिच्यासाठी. आमच्याकडे होती. शिट्टी, टोपी, ओळखपत्र. सुरुवातीला छान, चार म्हातारे रात्री राउंड मारायचे, चहा व्हायचा. मग त्यात दोन "उत्साही" आले. वर्षभरात तेच पोरांना अडवून मोबाईल तपासायला लागले, कोणाबरोबर फिरतेस, गाडीचे कागद दाखव. ज्यांचा बंदोबस्त करायचा ते बरे म्हणायची वेळ आली. ओळखपत्र मिळालं की काही माणसांच्या अंगात टीआय शिरतो.

---

वकीलीण

समितीच्या माणसाला अंगझडती, मारहाण, मोबाईल बघणं, ह्यातला कसलाही अधिकार नाही. बघायचं आणि कळवायचं, बस. असं कोणी केलं तर उलट त्याच्यावर केस होते.

---

संपादक मंडळ

एका सभासदाने बगीच्यात बसलेल्या मुलांचे फोटो आणि गाड्यांचे नंबर इथे टाकले होते, ते काढले आहेत. त्यात निदान एक मुलगा अल्पवयीन दिसतो. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कलम ७४ आहे, कृपया वाचा. गाडीचा नंबर पोलिसांना द्या, इथे नको. धागा चालू आहे.

---

ओटलेवाला

मंडळी, बऱ्याच आठवड्यांनी येतोय, मधे काय काय झालं ते सांगतो.

खाकी काकांचं वाचून आधी बीटवाला कोण ते शोधलं. थान्यात गेलो, विचारलं, तर पहिल्यांदा "काम काय आहे" मग "टीआय साहेब राउंडवर आहेत" मग एका आरक्षकानेच भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट दाखवलं, तिथे बीटवार नावं आणि नंबर लिहिलेले होते, वरती कॅलेंडर टांगलेलं. एएसआय साहेब, रिटायरमेंटला आलेले, कॉलनीत आले, ओटल्यावर बसले, पोहे खाल्ले आणि पहिलाच प्रश्न असा विचारला की आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो: "ग्लास कहाँ से आते हैं?"

दारूचं दुकान लांब आहे. पण बगीच्याच्या कोपऱ्यावर एक ठेला रात्री आठला लागतो, आम्हाला वाटायचं पान-गुटख्याचा. त्याच्याकडे डिस्पोजल ग्लास, पाण्याचे पाउच, बर्फ, कापलेली लिंबं, उकडलेली अंडी, शेंगदाणे, सगळी बैठक तयार. पोरं जागेसाठी येतच नव्हती, ठेल्यासाठी येत होती. आम्ही इतकी वर्षं त्याच्याकडूनच बडीशेप घेतोय! निगमने ठेला दुसरीकडे हलवला आणि मधल्या वारांची निम्मी गर्दी तिथेच संपली. बर्फवाल्याने दोन दिवस तोंड फुगवलं, आता पुढच्या चौराह्यावर आहे. म्हणजे तिथल्या लोकांचा त्रास वाढला असेल, हे पण लिहून ठेवतो, कारण उद्या तिथला कोणी इथे धागा काढेल.

दुसरं, दिवे. बगीच्यातले तीन हायमास्टमधले दोन बंद होते. ते निगमच्या तक्रारींच्या ३११ ॲपवर टाकलं, फोटोसकट, आणि निगमने ते लवकर केलं. मग बायकांनी भिशी बगीच्यात घ्यायला सुरुवात केली, साडेआठ ते साडेनऊ, सतरंजी टाकून. आवाज त्यांचा बुलेटपेक्षा कमी नसतो पण तो १० च्या आत असतो.

तिसरं, आवेदन, म्हणजे थान्यात द्यायचा अर्ज. रहवासी संघाच्या बैठकीत हे आलं आणि तिथेच खरी मजा झाली. गाड्यांची यादी वाचायला लागलो तर त्यातली एक गाडी आपल्याच पदाधिकाऱ्याच्या चिरंजीवांची. सन्नाटा. मग "मुलगा तसा नाही, मित्र तसे आहेत". यादीतून नंबर काढा असं सुचवण्यात आलं. शेजारच्या काकू, त्याच कुंडीवाल्या, उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या काढणार असाल तर सगळेच काढा आणि मग मी एकटीच सही करून देते. नंबर राहिला. राऊ सर्कल, तुझी आठवण आली तेव्हा.

आवेदन टीआय साहेबांना दिलं, आवक क्रमांक घेतला, एक प्रत एसीपी ऑफिसात. वकिलीणताई म्हणाल्या तसं तारीख, वेळ, गाडी, काय केलं, एवढंच. बाहेरचे दोघे ज्यांच्यावर आधीचेही गुन्हे होते ते बाउंड ओव्हर झाले. बाकीच्यांच्या घरच्यांना बोलावलं. बुलेटचा सायलेन्सर ट्रॅफिकवाल्यांनी काढून ठेवला.

शनिवारी रात्री मात्र अजून गाड्या येतात. बाहेरच्या नंबरच्या. ते काही जमलेलं नाही.

---

राऊ_सर्कल

काकूंना माझा नमस्कार सांगा.

पण बाउंड ओव्हर शेवटी बाहेरच्या दोघांचंच झालं ना? आणि चिरंजीव घरी बोलावून समज. हे मी बोललो होतो की नाही.

---

निवृत्त_खाकी

ज्यांच्यावर आधीची नोंद होती त्यांचं झालं, ते कायद्याने बरोबर आहे. पण नोंद कोणाची होते आणि कोणाची होत नाही, तिथेच तुझा प्रश्न आहे, आणि त्याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. आवेदनात सगळ्या गाड्या ठेवल्या हे त्यासाठीच महत्त्वाचं आहे. चिरंजीव पुन्हा सापडले तर आता कागदावर त्यांचं पहिल्यांदा नाही राहणार.

ओटलेवाला, तुमचे एएसआय रिटायर होतायत म्हणता. झाले की आठवड्याच्या आत नव्या बीटवाल्याकडे आवकची झेरॉक्स घेऊन जा. जुना काही सांगून जात नाही, सांगायची पद्धतच नाही. त्याला पोहे खाऊ घाला आणि शनिवारचं सांगा. शनिवारी साडेदहाला एकदा गाडी उभी राहिली पाहिजे, फक्त उभी, अर्धा तास, दिवा चालू ठेवून. दर शनिवारी. एक दिवसाच्या धाडीने काही होत नाही, पेपरात फोटो येतो.

---

सुदामानगरची

१८१ वर टाकू का सरळ? सीएम हेल्पलाइन. सगळे म्हणतात तिथे टाकलं की पळतात.

---

वकीलीण

पळतात, पण कधीकधी तुमच्याकडे. एल वन, एल टू अशी तक्रार वर चढत जाते म्हणून खालच्याला ती कशीही करून बंद करायची असते, मग फोन येतात, "मॅडम संतुष्ट हूँ बोल दीजिए". काम झालं नसेल तर तसं बोलू नका, बोललात की तक्रार तिथेच मिटली. माझं मत विचाराल तर आधी थाना, मग एसीपी, दोन्हीकडे आवक क्रमांक, आणि मग १८१ वर तोच क्रमांक टाकून तक्रार, म्हणजे "आमच्याकडे कोणी आलंच नाही" असं उत्तर देता येत नाही.

---

मालवी_मिरची

ओटलेवाला काका, तुमच्या आवेदनाचा मसुदा इथे टाका ना, नावं-नंबर काढून. आमच्या मल्टीतल्या सचिवांना लिहायला सांगितलं तर त्यांनी पहिल्याच ओळीत "असामाजिक तत्वों का जमावड़ा" लिहिलंय आणि पुढे दीड पान नैतिकता.

---

ओटलेवाला

टाकतो रात्री. हिंदीत आहे, थान्यात तेच चालतं. एकच पान आहे. असामाजिक तत्त्व वगैरे आम्हीही लिहिलं होतं, एएसआय साहेबांनीच खोडायला लावलं, म्हणाले यावर मी काय कारवाई करू, "अमुक तारखेला रात्री पावणेअकराला पांढऱ्या गाडीत चौघं पीत होते आणि क्लासहून येणाऱ्या मुलीला हाक मारली" हे लिहा.

---

मालवी_मिरची

आमच्याकडे गाडीही आमचीच, पार्किंगही आमचंच. ते चालेल का? पार्किंग तर सार्वजनिक जागा नाही ना?

---

वकीलीण

मल्टीचं पार्किंग असेल तर ३६ बी लावताना वाद होईल. आवाजाचं आणि शिवीगाळीचं लावता येईल. आधी सोसायटीचा ठराव करा, चौकीदाराने बर्फ आणायचा नाही हे त्यात पहिलं लिहा.